फ्लशिंग वाढलं कसं? आणि मॅनहॅटनचं चायनाटाऊन आटलं का?

ओसरी
न्यूयॉर्कच्या मराठी मंडळींना क्वीन्स या उपनगरातलं फ्लशिंग म्हटलं की बाऊन स्ट्रीटवरचं गणपतीचं देऊळ आठवतं आणि त्याच्या तळघरातल्या कँटीनचा डोसा. देवळातून मेन स्ट्रीट स्टेशनकडे पायी निघालं की वीस-पंचवीस मिनिटांत सगळा नूर पालटतो. पाट्या चिनी, फुटपाथवर भाजीच्या पेट्या, दर दहा पावलांवर एक बँक. १९७० च्या आसपास हा भाग बहुतांशी गोऱ्यांचा होता आणि दुकानं धडाधड बंद पडत होती.

"चिनी लोक आपापल्यातच राहतात, म्हणून चायनाटाऊन होतं" हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. राहायचंच होतं तर मॅनहॅटनमध्ये शंभर वर्षांचं तयार चायनाटाऊन होतं की! माझ्या मते कायदा, रेल्वे आणि रिकामे गाळे या तिघांनी मिळून फ्लशिंग घडवलं, संस्कृती नंतर आली. जाणकारांनी यावर लिहावं. विशेषतः पैसा कुठून आला, आणि मॅनहॅटनचं चायनाटाऊन आज आटतंय तसं उद्या फ्लशिंगही आटणार का, यावर.

ठोंब्या
डोशाला +१. बाकीचं जेवून आल्यावर वाचतो.

खडूस_काका
सुरुवात कायद्यापासूनच करावी लागेल, कारण मॅनहॅटनचं चायनाटाऊन जसं होतं तसं का होतं हे कळल्याशिवाय फ्लशिंग कळणार नाही.

१८६९ मध्ये अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम रेल्वेमार्गाचं काम संपलं. कॅलिफोर्नियात चिनी मजुरांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा काही लोक पूर्वेला सरकले आणि मॉट, पेल, डॉयर्स या तीन गल्ल्यांत येऊन राहिले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, मुत्सद्दी आणि प्रवासी तेवढे वगळले. मजुराला बायको आणता येत नव्हती, नागरिकत्वही मिळत नव्हतं. त्यामुळे कित्येक दशकं ही वस्ती एकट्या पुरुषांची राहिली. आडनावाच्या आणि गावाच्या संघटना, टाँग नावाच्या टोळ्या, मॉट स्ट्रीटवरची शिखर संस्था, हे सगळं त्यातूनच उभं राहिलं. आजारी पडला तर बघणार कोण आणि मेला तर हाडं गावी पाठवणार कोण, हे प्रश्न अगदी रोजचे होते.

धंदे दोनच, लाँड्री आणि हॉटेल. लाँड्रीला भांडवल कमी लागतं आणि गोऱ्या कामगाराशी स्पर्धा होत नाही. तरी १९३३ मध्ये शहराने एकट्याने चालवायच्या लाँड्रीवर वर्षाला २५ डॉलर परवाना शुल्क आणि १,००० डॉलरचा जामीन लावायचं ठरवलं. शिखर संस्थेने काही केलं नाही, म्हणून लाँड्रीवाल्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढली आणि शुल्क १० वर, जामीन १०० वर आणून दाखवला.

हॉटेलांची गोष्ट याहून मजेशीर आहे. १९१५ च्या सुमारास एका न्यायालयीन निकालाने हॉटेलमालक 'व्यापारी' या वर्गात बसला. अट अशी की हॉटेल बऱ्यापैकी दर्जाचं हवं, आणि मालकाने निदान वर्षभर फक्त व्यवस्थापन केलेलं हवं. त्याने भांडी घासली नाहीत, टेबलं पुसली नाहीत, याला दोन गोरे साक्षीदारही लागत. मग दहा-पंधरा जण भागीदारीत एक हॉटेल काढत आणि साधारण वर्ष-दीड वर्षाने 'मॅनेजर' बदलत. ज्याची पाळी तो साक्षीदार गाठून कागद तयार करी, चीनला जाई आणि कुटुंबातल्या कुणाला तरी घेऊन येई.

ठोंब्या
म्हणजे चॉप सुई हा पदार्थ नसून व्हिसाचा अर्ज होता तर.

पिंपळपान
काकांच्या प्रतिसादाला पुढे जोडते.

१९४३ मध्ये बंदी उठली, पण कोटा वर्षाला १०५ माणसांचा! खरा बांध १९६५ च्या कायद्याने फुटला. १९६८ पासून तो पूर्ण लागू झाला तेव्हा दर देशाला वर्षाला २०,००० ची मर्यादा आली, आणि नागरिकाची बायको, मुलं, आईवडील या मर्यादेबाहेर ठेवले. त्या वेळी चीन आणि तैवान यांचा कोटा एकच होता आणि मुख्य भूमीतून बाहेर पडणं जवळजवळ अशक्य होतं. साहजिकच त्यातला मोठा वाटा तैवानमधून येणाऱ्यांना मिळाला. १९७९ मध्ये अमेरिका-चीन राजनैतिक संबंध सुरू झाले, १९८२ पासून तैवानला स्वतंत्र २०,००० मिळाले. हाँगकाँगचा ६०० चा कोटा १९८६ च्या कायद्याने ५,००० झाला. या तारखा फ्लशिंगच्या वाढीशेजारी मांडून बघा, पायऱ्या जुळतात.

आता तैवानी मंडळी मॅनहॅटनला का गेली नाहीत? तिथली भाषा आधी तोयशानी (दक्षिण चीनमधल्या तोयशान तालुक्याची बोली) आणि मग कँटनी होती. तैवानहून आलेला इंजिनिअर किंवा हिशेबनीस मँडरिन (चिनी प्रमाणभाषा) बोलणार, घरात तैवानी. मॉट स्ट्रीटवरच्या दुकानदाराशी त्याला इंग्रजीत बोलावं लागे. तिथल्या संघटनांत शिरायला गाव लागतं किंवा आडनाव, आणि त्याच्याकडे दोन्ही नाही. शिवाय तो पदवीधर आहे, हातात थोडे पैसे आहेत, त्याला पाचव्या मजल्यावरची जिना चढून जायची खोली नको आहे, मुलांसाठी चांगली शाळा हवी आहे. 'आपापल्यात राहतात' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की फ्लशिंगची सुरुवातच मुळी जुन्या चायनाटाऊनमध्ये जागा नसलेल्यांनी केली.

नदीकाठ
पिंपळपान, भाषेचं बरोबर आहे, पण भाषेने एवढंच कळतं की मॅनहॅटन का *नाही*. फ्लशिंगच का, ते कळत नाही. मँडरिन तर क्वीन्समधल्याच एल्महर्स्टमध्येही बोलता आली असती (आणि काही जण तिथे गेलेही).

उत्तर नकाशात आहे. सात नंबरची गाडी मेन स्ट्रीटला १९२८ मध्ये पोचली आणि तिथेच संपते. शेवटचं स्टेशन म्हणजे चढताना बसायला जागा नक्की. पूर्व क्वीन्समधल्या वीसेक बस इथेच येऊन थांबतात, कारण पुढे भुयारी रेल्वे नाही. लाँग आयलंडची लोकलही इथून जाते. म्हणजे मॅनहॅटनला नोकरी करणारा आणि आणखी पूर्वेला बेसाइडला घर घेतलेला, दोघेही रोज याच एका चौकातून जाणार. मेन स्ट्रीट आणि रूझवेल्ट अव्हेन्यूचा तो कोपरा संध्याकाळी सहाला बघा, मग भाजीवाल्याने गाळा तिथेच का घेतला हे विचारावं लागणार नाही.

१९६४-६५ चं जागतिक प्रदर्शन शेजारच्या मैदानात झालं, तेव्हा भागाचं नावही झालं. पाठोपाठ १९७५ चं शहराचं आर्थिक संकट, गोरी कुटुंबं लाँग आयलंडला निघालेली, मेन स्ट्रीटवर गाळे रिकामे. भाव पडलेले असताना रोख घेऊन येणारा माणूस मिळाला तर मालक त्याचं आडनाव विचारत नाही.

गोदावरीचा
दोघंही बरोबर आहात. भांडा, आम्ही वाचतो.

एक भर घालतो. फ्लशिंग एकट्या चिन्यांचं कधीच नव्हतं. कोरियन युनियन स्ट्रीट आणि नॉर्दर्न बुलेवार्डला, भारतीय बाऊन स्ट्रीटला. गणपतीची प्रतिष्ठापना ४ जुलै १९७७ ची, म्हणजे चिनी फ्लशिंग आणि आपलं देऊळ साधारण एकाच वयाचे. २०२२ मध्ये त्या रस्त्याला 'गणेश टेम्पल स्ट्रीट' असं जोडनावही मिळालं.

सातारकर
ते सगळं ठीक. पण पैसा? नवख्याला बँक उभी करत नाही. दुकानाचं डिपॉझिट, फ्रिज, माल, आणायचं कुठून?

फुलपात्र
भिशीतून. त्यांच्याकडे तिला 'हुई' म्हणतात. पण आपल्या चिठ्ठ्या टाकायच्या भिशीसारखी नाही, लिलाव भिशीसारखी.

आकडे उदाहरणाचे घेऊ. एक सूत्रधार आणि २० सभासद, हप्ता ५०० डॉलर. पहिल्या महिन्यात सगळे ५०० देतात, सूत्रधाराला १०,००० मिळतात, व्याज नाही. पुढचे २० महिने तो ५०० भरत राहतो. बिनव्याजी रकमेच्या बदल्यात त्याची जबाबदारी अशी की कुणी बुडवलं तर त्याने स्वतः भरायचं.

दुसऱ्या महिन्यात ज्यांना गरज आहे ते व्याजाची बोली चिठ्ठीवर लिहून देतात. सगळ्यात मोठी बोली ६० ची निघाली समजा. मग अजून रक्कम न उचललेले १९ सभासद ५०० ऐवजी ४४० देतात, ते झाले ८,३६०. त्यात सूत्रधाराचे ५००. उचलणाऱ्याच्या हातात ८,८६०. आता तो उरलेले १९ महिने पूर्ण ५०० देणार, म्हणजे ९,५००. जो सगळ्यात शेवटी थांबतो त्याला पूर्ण १०,००० मिळतात आणि पहिला महिना सोडला तर त्याने दर महिन्याला कमीच भरलेले असतात. घाई आहे तो व्याज देतो, दम आहे तो व्याज खातो.

बिघडतं कुठे? सुरुवातीलाच मोठी बोली लावून उचलणारा धोक्याचा. एकच माणूस तीन-चार हुईंमध्ये असेल आणि एकीचा हप्ता दुसरीतून भरत असेल तर एक गेली की सगळ्या जातात. म्हणून सूत्रधार सभासद घेताना त्याचं दुकान कुठे, गावचा ओळखीचा कोण, हे बघतो. लेखी काही नसतं, त्यामुळे कोर्टात दाद मागणं अवघड.

आता मूळ प्रश्नाकडे. हा सगळा व्यवहार तोंडओळखीवर चालतो, आणि ओळख टिकते ती एका वस्तीत. ऐंशीच्या दशकात चिनी बँकाही आल्या. त्या पावत्या आणि क्रेडिटच्या इतिहासापेक्षा दुकानातलं गिऱ्हाईक बघून कर्ज देत.

ठोंब्या
आमच्या बिल्डिंगच्या भिशीत बोली लागत नाही, फक्त बटाटेवडे लागतात.

रिकामटेकडा
तैवानी-हाँगकाँगवाल्यांचा पैसा ही एक बाजू झाली. दुसरी बाजू फूजौ शहराच्या आसपासहून आलेल्यांची. मॅनहॅटनच्या चायनाटाऊनमधला ईस्ट ब्रॉडवे हा रस्ता त्यांचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून फुजियान प्रांतातून हे लोक दलालामार्फत, बहुतेक बिनकागदाचे आले. दलाली ३०,००० डॉलर आणि पुढे त्याहून जास्त, तीही उधारीवर. ६ जून १९९३ ला 'गोल्डन व्हेंचर' हे जहाज क्वीन्समधल्या रॉकअवेच्या वाळूत रुतलं, त्यावर २८६ माणसं होती, दहा जण मेले, तेव्हा बाहेरच्या जगाला हे कळलं.

एवढं कर्ज डोक्यावर असलं की वस्तीचा आकारच बदलतो. मॅनहॅटन ब्रिजच्या खाली आणि ईस्ट ब्रॉडवेवर रोजगार कचेऱ्या आहेत. एक खोली, काचेमागे एक बाई, भिंतीवर किंवा काचेवर चिठ्ठ्या. चिठ्ठीवर गावाचं नाव बहुधा नसतंच. टेलिफोनचा तीन आकडी क्षेत्र क्रमांक, काम काय (कढई, तळण, फोन घेणं, पोचवणं), महिन्याचा पगार आणि बसने किती तास. इंग्रजी न येणाऱ्याला ओहायो काय नि व्हर्जिनिया काय? त्याला तासांवरून अंतर कळतं, आणि क्षेत्र क्रमांकावरून गाववाले आधी तिकडे गेलेत का ते कळतं. बाई तिथूनच मालकाला फोन लावून देते, दोन मिनिटांत ठरतं, कचेरी आपली फी घेते, संध्याकाळच्या बसने माणूस रवाना.

चिनी बस सेवा यातूनच निघाल्या. आधी कामगारांसाठी, मग दहा-पंधरा डॉलरमध्ये बोस्टन म्हटल्यावर कॉलेजची पोरंही चढायला लागली. फुंग वाहची बस सगळ्यांत प्रसिद्ध. २०१३ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून केंद्र सरकारने ती थांबवली.

यात खोच अशी. हॉटेलमालक राहायला जागा देतो, म्हणून कामगाराला चायनाटाऊनमध्ये घर नको असतं. त्याला सुट्टीच्या दिवसापुरती, किंवा दोन नोकऱ्यांमधल्या आठवड्यापुरती नुसती खाट हवी असते. म्हणून खोलीत तीन मजली बंक आणि भाडं खाटेवर. अमेरिकेतल्या हजारो गावांतल्या चायनीज टेकअवेंचा मजूर अड्डा, छापखाना (मेन्यू इथेच छापतात), खोके-नूडल-अंकुरांचा घाऊक बाजार, दवाखाना आणि न्हावी या दहा-बारा गल्ल्यांत. निवासी वस्ती म्हणून मोजायला गेलात तर हे दिसणारच नाही.

अनाहूत
रिकामटेकडा, प्रतिसाद उत्तम, पण कौतुकाचा सूर खटकला. बारा तास काम, टिप कापून घेणं, पगार थकवणं, हेही त्याच व्यवस्थेत बसतं. ज्याला इंग्रजी येत नाही आणि कागद नाहीत, त्याला मालक सोडता येत नाही. आपल्या माणसाने आपल्या माणसाला पिळलं तर त्याला सहकार्य म्हणत नाहीत.

याच्या उलट उदाहरणही चायनाटाऊनचंच आहे. सत्तरच्या दशकात मॅनहॅटनमधले कपडे शिवायचे कारखाने बाहेर चालले होते, मोठे मजले स्वस्तात रिकामे होते, आणि १९६५ नंतर बायका आल्या होत्या. नवरा हॉटेलात, त्याला विमा नाही. बायको शिवणाच्या कारखान्यात, ती आयएलजीडब्ल्यूयू या कपडे शिवणाऱ्यांच्या युनियनच्या 'लोकल २३-२५' या शाखेची सभासद, आणि युनियनचा आरोग्य विमा सगळ्या कुटुंबाला. म्हणून पगार तुटपुंजा असला तरी बायका शिवणकाम सोडत नव्हत्या. १९८२ मध्ये चिनी कंत्राटदारांनी नव्या करारावर सही करायला नकार दिला. चिनी बायका चिनी मालकाविरुद्ध उभ्या राहणार नाहीत असा त्यांचा होरा होता. जून महिन्यात कोलंबस पार्कमध्ये साधारण वीस हजार जणी जमल्या. मालकांनी सह्या केल्या.

रिकामटेकडा
कौतुक नव्हतं, रचना सांगत होतो. पण मुद्दा मान्य.

पिंपळपान
ईस्ट ब्रॉडवेचा विषय निघालाच आहे तर चॅटम चौकातले दोन पुतळे सांगते. बॉवरीवर कन्फ्यूशियस प्लाझासमोर कन्फ्यूशियस, १९७६ चा, जुन्या, तैवानकडे झुकलेल्या संस्थांचा. तिथून हाकेच्या अंतरावर १९९७ मध्ये लिन झेशू उभा राहिला, ज्याने इंग्रजांची अफू नष्ट केली तोच. तो मूळचा फूजौचा, पुतळा फूजौवाल्यांनी बसवला, आणि त्याचं तोंड ईस्ट ब्रॉडवेकडे. वस्तीतली सत्ता कुणाकडून कुणाकडे चालली होती ते त्या चौकात उभं राहून वाचता येतं.

कोलकात्याचा_जोशी
अवांतर आहे, पण राहवत नाही. वस्ती कायद्याने वाढते तशी कायद्याने मोडतेही. कोलकात्याच्या टांग्रा भागात दक्षिण चीनमधून आलेल्या हक्का लोकांच्या टॅनऱ्या (कातडी कमावायचे कारखाने) होत्या. १९६२ च्या युद्धात चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं, सुटल्यावर अनेकांनी टोरांटोची वाट धरली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॅनऱ्या शहराबाहेर बानतल्याला हलवायचा आदेश दिला. उरलेल्यांनी हॉटेलं चालवली, तेच आपलं टांग्र्याचं चायनीज. क्वीन्समध्ये जी इंडो-चायनीज हॉटेलं आहेत त्यातली काही याच हक्का मंडळींची.

नदीकाठ
अवांतरात भर. मुंबईत माझगावला सी यिप कून नावाचं चिनी देऊळ आहे, १९१९ चं. ते ज्या चार तालुक्यांतल्या लोकांचं, त्यातलाच एक तोयशान. म्हणजे मॉट स्ट्रीटवर पाय रोवणारे आणि माझगाव डॉकला गोदीत उतरणारे एकाच पंचक्रोशीतले. मुंबईची वस्ती बासष्टनंतर विरली.

ओसरी
अवांतर सुंदर आहे, पण धागा कोलकात्याला पोचायच्या आत परत आणते. :) ब्रुकलिनचं एट्थ अव्हेन्यू कुणीच काढलं नाही.

रिकामटेकडा
एट्थ अव्हेन्यू म्हणजे सनसेट पार्कची चिनी वस्ती. तिथे आधी नॉर्वेजियन खलाशी आणि सुतार राहत. त्यांच्या मांस-बटाट्याच्या रश्शावरून त्या रस्त्याला लापस्काऊस बुलेवार्ड म्हणत. ऐंशीच्या दशकात तिथेही दुकानं रिकामी पडली. मॅनहॅटनच्या चायनाटाऊनमधल्या कॅनॉल स्ट्रीटवर एन गाडीत बसायचं आणि ब्रुकलिनमध्ये गाडी भुयारातून उघड्यावर आली की उतरायचं. इंग्रजी पाटी वाचायला नको, आभाळ दिसलं की स्टेशन आलं.

ही वस्ती फ्लशिंगपेक्षा वेगळी. हे मॅनहॅटनच्या कामगारांचंच पुढचं घर. विटांची दोन कुटुंबांची घरं, भाऊ-मेहुणे मिळून एक घ्यायचं, एक मजला भाड्याने देऊन हप्ता फेडायचा. मॅनहॅटनमध्ये भाडं वाढलं तसे शिवणाचे कारखानेही मागोमाग आले, कारण कारागीर बायका तिथेच राहायला लागल्या होत्या. तिन्ही वस्त्यांच्या मध्ये खासगी व्हॅन धावतात, सरकारी रेल्वेने फ्लशिंगहून एट्थ अव्हेन्यूला जायचं तर मॅनहॅटनचा वळसा पडतो.

चटणीभाकर
खाण्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणजे काय! फ्लशिंगच्या मेन स्ट्रीटवर तळघरांत खाण्याच्या गाळ्यांचे मॉल आहेत, त्यांचं अर्थकारण लिहितो.

एक जण पूर्ण तळघर किंवा दुकान लांब मुदतीच्या कराराने घेतो, त्याचे शंभर-दोनशे चौरस फुटांचे गाळे पाडतो आणि ते पोटभाड्याने देतो. चौरस फुटामागे भाडं चढं, पण एकूण आकडा आवाक्यात, म्हणून नवखा स्वयंपाकी सुरुवात करू शकतो. टेबलं आणि संडास सामाईक. 'शीआन फेमस फूड्स' ही आजची साखळी २००५ मध्ये मेन स्ट्रीटवरच्या गोल्डन शॉपिंग मॉलमध्ये अशाच एका छोट्या गाळ्यातून वर आली. नव्वदच्या दशकात ईशान्य चीनमधले सरकारी कारखाने बंद पडले, तिथले लोक फ्लशिंगला आले आणि जिऱ्यातलं मटण, आंबवलेल्या कोबीचे डंपलिंग यांचे गाळे दिसायला लागले. मॅनहॅटनच्या कँटनी हॉटेलांत हे मिळत नसे.

घोडं अडतं ते गॅसवर. घरातल्या शेगडीचा बर्नर दहा-पंधरा हजार बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप), चिनी कढईचा एकेक बर्नर लाखाच्या घरात. जुन्या इमारतीत येणारा पाइप एवढा गॅस देतच नाही. सहा कढया एकदम पेटवल्या की ज्योत बसते, कढई थंड पडते आणि भाजी परतायच्या ऐवजी शिजायला लागते. २०१५ मध्ये ईस्ट व्हिलेजमध्ये गॅसचा स्फोट झाला, त्यानंतर तपासण्या कडक झाल्या. एकदा गॅस तोडला की परत जोडून मिळायला महिनोनमहिने जातात आणि भाडं चालूच. म्हणून करारावर सही करायच्या आधी मीटर, पाइपचा व्यास, धुरांडं छतापर्यंत नेता येईल का आणि आग विझवायची यंत्रणा, या क्रमाने बघतात. रंगरंगोटी नंतर.

सातारकर
आणि भाजी इतकी स्वस्त कशी? सुपरमार्केटच्या अर्ध्या भावात बोक चॉय ही चिनी पालेभाजी?

चटणीभाकर
पुरवठ्याची साखळीच वेगळी. मॅनहॅटन चायनाटाऊनचे घाऊक व्यापारी मॅनहॅटन ब्रिजच्या आसपास लहान गोदामांतून चालवतात आणि फ्लोरिडा, होंडुराससारख्या ठिकाणच्या शेतकऱ्यांकडून थेट माल घेतात. किरकोळवाल्याकडे शीतगृह जवळजवळ नाही, तो दिवसातून दोनदा माल आणतो आणि संध्याकाळपर्यंत संपवतो. पॅकिंग नाही, जाहिरात नाही. गोदाम चालत जाण्याच्या अंतरावर असलं तरच हे जमतं. गोदामांचं भाडं वाढलं की भाजीचा भाव वाढेल.

अनाहूत
तळघरांचा विषय गाळ्यांवर सोडू नका, लोक तळघरात राहतातही. न्यूयॉर्कच्या नियमात दोन प्रकार आहेत. निम्म्याहून कमी उंची जमिनीखाली असेल तर ते अर्धतळघर. खिडकी, उंची, वेगळी वाट या अटी पुऱ्या केल्या तर ते भाड्याने देता येतं. निम्म्याहून जास्त जमिनीखाली असेल तर पूर्वी जवळजवळ सरसकट मनाई होती. क्वीन्समधल्या कित्येक घरांचा हप्ता अशाच बेकायदा खोल्यांच्या भाड्यावर फिटतो. १ सप्टेंबर २०२१ च्या आयडा वादळाच्या पावसात शहरात तळघरातल्या घरांमध्ये ११ जण बुडून मेले, त्यात फ्लशिंगचेही होते. 'घरमालक मराठी असो की चिनी, तळघर दाखवलं तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता विचारा' एवढं नव्याने येणाऱ्या पोरांनी लिहून ठेवावं.

खडूस_काका
आता मॅनहॅटन का आटलं. लोक ११ सप्टेंबरचं नाव घेतात. ते खरं, पण अर्धंच. चायनाटाऊन जुळ्या मनोऱ्यांपासून मैलाच्या आत. रस्ते बंद, फोन बंद, ट्रक येईनात. शिवणाचा धंदा आठवड्याच्या मुदतीवर चालतो, गिऱ्हाइकांनी काम दुसरीकडे दिलं ते परत आलं नाही. पोलीस मुख्यालयामुळे पार्क रो हा मुख्य रस्ता दोन दशकांहून जास्त काळ सर्वसाधारण वाहनांना बंद राहिला.

पण मूळ दुखणं जमिनीचं. १९७४ च्या आधीच्या, सहा किंवा जास्त घरांच्या इमारतीत भाडं नियंत्रित असतं. जुना भाडेकरू बाहेर पडला की २०१९ पर्यंत मालकाला भाडं एकदम वाढवता येई, आणि ठराविक रकमेच्या वर गेलं की घर नियंत्रणातून सुटे. म्हणून पैसे देऊन उठवणं, दुरुस्तीच्या नावाखाली जिना तोडून ठेवणं, हिवाळ्यात हीटिंग बंद, हे प्रकार चालले. २०१९ च्या कायद्याने ती वाट बंद केली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यात २००८ मध्ये शहराने शेजारच्या ईस्ट व्हिलेज आणि लोअर ईस्ट साइडला उंचीची मर्यादा घातली आणि चायनाटाऊन त्या नकाशातून वगळलं. बिल्डर कुठे जाणार?

नदीकाठ
काका, मग जे टिकलंय ते का टिकलंय, हेही सांगा.

खडूस_काका
मालकी. आडनावाच्या आणि गावाच्या संघटनांनी शंभर वर्षांपूर्वीपासून इमारती विकत घेऊन ठेवल्या. खाली दुकान, वर देवघर आणि सभासदांच्या खोल्या. त्या विकायच्या तर सभासदांची संमती लागते, आणि ती काही लवकर मिळत नाही!

ठोंब्या
सहकारी गृहनिर्माण संस्थेचा जागतिक पाया सापडला.

पिंपळपान
मग फ्लशिंगचं भवितव्यही इथेच आहे. तिथे तैवानी मंडळींनी सुरुवातीपासून विकत घेतलं. मोठी इमारत नव्हे, इमारतीतला पाचशे-हजार चौरस फुटांचा एकेक गाळा स्वतंत्र मालकीचा. दंतवैद्य, वकील, हिशेबनीस, शिकवणी वर्ग असे मालक. भाडेवाढ त्यांना उठवू शकत नाही. राजकीय वजनही लवकर आलं. २००१ मध्ये जॉन लिऊ फ्लशिंगमधून निवडून शहराच्या कौन्सिलमध्ये गेले, तिथले पहिले आशियाई.

गोदावरीचा
गाळेवाला वाचेल, पण गाळ्यात भाड्याने असलेला? नवे टोलेजंग मनोरे ईबी-५ या गुंतवणूकदार व्हिसाच्या पैशावर उठले. ५ लाख डॉलर गुंतवा (२०१९ च्या शेवटापर्यंत, मागास ठरवलेल्या भागात, २०२२ पासून ८ लाख), दहा नोकऱ्या निर्माण करा, ग्रीन कार्ड घ्या. कार्ड आधी दोन वर्षांचं तात्पुरतं. प्रकल्प रखडला, नोकऱ्यांचा हिशेब जुळला नाही, तर पैसा आणि कार्ड दोन्ही लटकतं, आणि चिनी अर्जदारांची रांग वर्षानुवर्षांची. या मनोऱ्यातला फ्लॅट हॉटेलात कढई ढवळणारा घेत नाही.

अनाहूत
मॅनहॅटन जात्यात, फ्लशिंग सुपात.

ओसरी
म्हणजे 'घर कोणाच्या नावावर' हाच प्रश्न उरला. पण दुकानदाराच्या भाड्यावर तर कुठलंच नियंत्रण नाही ना?

खडूस_काका
नाही. न्यूयॉर्कमध्ये व्यापारी भाडं मोकळं आहे. शिवाय बहुतेक करारांत एक कलम असतं, मालमत्ता कर वाढला तर वाढीचा हिस्सा भाडेकरूने भरायचा. शेजारी मनोरा उठला की आजूबाजूच्या इमारतींचं मूल्यांकन वर जातं, कर वर जातो आणि बिल बेकरीवाल्याला येतं. भाडं ठरवताना मासिक आकड्यावर घासाघीस होते आणि हे कलम न वाचता सही होते. मूळ वर्ष कोणतं धरलंय आणि वाढीला कमाल मर्यादा आहे का, एवढ्या दोन गोष्टी वकिलाकडून घालून घेतल्या तर दहा वर्षांच्या करारात फार मोठा फरक पडतो.